श्रॉपशर पाहायला जाताना: परतीची बस आधी बघा

श्रॉपशरमधली माझी पहिली संध्याकाळ एका खेड्याच्या बसथांब्यावर गेली. काचेमागे वेळापत्रक व्यवस्थित लावलेलं होतं. शेवटची बस साडेपाचची, आणि माझ्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं. जूनचा महिना, लख्ख ऊन, समोरच्या कुरणात मेंढ्या निवांत चरतायत. अशा भर उजेडात आपण अडकलोय हे पटायलाच वेळ लागला. शेवटी टॅक्सी बोलावली. तिला जे पैसे मोजले, त्यात दोघांचं दोन दिवसांचं जेवण झालं असतं.

तेव्हापासून एक सवय लागली. इंग्लंडच्या खेड्यापाड्यात जायचं असलं की आधी परतीची गाडी बघायची, मग जायचं. मुलांकडे लंडन-बर्मिंगहॅमला आलेल्या, लंडन आणि स्टोनहेंज उरकलेल्या आणि आता "खरं इंग्लंड" पाहायचंय म्हणणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. कॉट्सवोल्ड्सला सगळेच जातात. माझं मत विचाराल तर श्रॉपशरला जा.

आधी नकाशा डोक्यात बसवा

श्रॉपशर ही इंग्लंडच्या पश्चिमेची, वेल्सला लागून असलेली काउंटी. आकाराने गोव्याहून किंचित लहान, आणि वस्ती पाच लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या साधारण एक तृतीयांश. अख्ख्या काउंटीत "सिटी" हा दर्जा असलेलं एकही शहर नाही. मुख्य गाव श्रूझबरी, तेही कागदोपत्री "टाउन". जुन्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी "सॅलप" हे नाव येईल. ते याच काउंटीचं. १९७४ ते १९८० या काळात सरकारने तेच अधिकृत केलं होतं, पण लोकांना रुचलं नाही आणि श्रॉपशर परत आलं.

उत्तर भाग सपाट: दुधाची जनावरं, कालवे, तळी. दक्षिण भाग डोंगराळ. मधून सेव्हर्न नदी वळणं घेत जाते. पश्चिमेला वेल्सची सरहद्द असल्यामुळे फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन सरदारांनी इथे किल्ल्यांची दाटी केली. मात्र किल्ला म्हटल्यावर राजगड डोळ्यासमोर आणू नका. इथले बरेच किल्ले गावाच्या कुशीत, बाजारपेठेला चिकटून असतात.

आता महत्त्वाचं. श्रूझबरीहून दक्षिणेला एक रेल्वेमार्ग जातो: श्रूझबरी, चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स, लडलो. हा तुमच्या सहलीचा कणा. शहर, डोंगर, मध्ययुगीन हवेली आणि किल्ला, चारही गोष्टी या एका रुळावर मिळतात, आणि शेवटच्या स्टेशनाला पोचायला जेमतेम अर्धा तास लागतो. या मार्गावर जे आहे ते आगगाडीने करायचं. जे नाही, त्यासाठी बस किंवा भाड्याची गाडी.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात दुपारी चारलाच दिवेलागण. ऑगस्टमध्ये चर्च स्ट्रेटनजवळच्या लाँग मिंडच्या पठारावर हेदर नावाचं झुडूप फुलतं आणि डोंगर जांभळा होतो. कासचं पठार पाहिलेल्यांनाही ते आवडेल. थंडीत बरीच ऐतिहासिक स्थळं फक्त शनिवार-रविवार उघडी असतात किंवा पूर्ण बंद, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर प्रत्येक ठिकाणाचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा.

रविवार हा फिरण्याचा दिवस असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलटं. ग्रामीण बसमार्गांपैकी बरेच रविवारी बंद असतात आणि मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी. रविवार चालण्यासाठी नाहीतर आगगाडीच्या प्रवासासाठी राखून ठेवा.

पोचायचं कसं

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून निघायचं, बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन किंवा क्रू इथे गाडी बदलायची. एकूण पावणेतीन तासांच्या आसपास. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटवरून थेट गाडी, साधारण तासाभराची. मँचेस्टरहूनही थेट गाड्या आहेत. भारतातून विमानाने येताना बर्मिंगहॅमचं तिकीट मिळालं तर सोन्याहून पिवळं. विमानतळाला लागून असलेल्या बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनवरून श्रूझबरीला थेट गाडी मिळते.

तिकिटांबद्दल तीन गोष्टी. लांबच्या प्रवासाचं "अ‍ॅडव्हान्स" तिकीट स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीला चालतं. गाडी चुकली की नवं तिकीट. जवळच्या प्रवासाला मात्र "डे रिटर्न" घ्या, कारण जाऊन-येऊनचं भाडं एकेरीपेक्षा बऱ्याचदा थोडंसंच जास्त असतं. आणि तिसरं, रेलकार्ड. साठी ओलांडलेल्यांना "सीनियर रेलकार्ड" मिळतं, पर्यटकांनाही. जोडीने फिरणाऱ्यांसाठी "टू टुगेदर" आहे, त्यावर दोघांचीही नावं आणि फोटो लागतात आणि दोघांनी बरोबरच प्रवास करावा लागतो. दोन्हींवर भाड्यात एक तृतीयांश सवलत. लंडनहून एकदा जाऊन-येऊनच कार्डाची किंमत बरीचशी वसूल होते.

या भागातल्या बऱ्याच गाड्या ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सच्या आहेत, त्यामुळे उद्घोषणा वेल्श भाषेतही होते. "अम्विथिग" असं ऐकू आलं तर घाबरून उतरायचं राहू नका. ते श्रूझबरीचंच वेल्श नाव. इंग्रजी उच्चारही दोन आहेत, श्रूझबरी आणि श्रोझबरी, आणि खरा कोणता यावर गावातच एकमत नाही.

मुक्काम एकाच ठिकाणी, श्रूझबरीत

दर रात्री नवं गाव करण्याच्या भानगडीत पडू नका. बॅगा ओढण्यात अर्धा दिवस जातो. श्रूझबरीत स्टेशनपासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात खोली घ्या आणि तिथून रोज एक फेरी करा. तीन रात्री हव्यातच, चार असल्या तर उत्तम. खेड्यातल्या "बी अँड बी"ची (खोली आणि न्याहारी देणाऱ्या घराची) मजा वेगळी, पण त्यासाठी गाडी हवी.

पहिला दिवस: श्रूझबरी पायी

सेव्हर्न नदीने या गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घातलाय. वेढ्याच्या उघड्या तोंडाशी किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी १८४८ चं स्टेशन, जे स्वतःच राजवाड्यासारखं दिसतं आणि अर्धवट नदीवरच्या पुलावर उभं आहे. फलाटावरून एक उंच सिग्नल केबिन दिसेल. १८० लिव्हर बसवता येतील एवढी ती मोठी आहे, आणि अजून हातानेच चालते. रेल्वेवेड्या माणसाला बरोबर आणलं असेल तर तुमची पंधरा मिनिटं इथेच गेली.

गावात नकाशा खिशात ठेवा आणि बोळांत शिरा. इथल्या बोळांना "शट" म्हणतात. दोन्ही बाजूंनी काळ्या लाकडाच्या चौकटींची, मधे पांढरा गिलावा दिलेली घरं, वरचा मजला रस्त्यावर झुकलेला. बुचर रो, फिश स्ट्रीट, बेअर स्टेप्स हा पट्टा चुकवू नका. १५ व्या शतकातली लाकडं अजून भार पेलतायत.

कॅसल स्ट्रीटवर एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे: १७६० मध्ये इथे पॅलिन नावाच्या माणसाने श्रूझबरी केक बनवले. हो, तेच. पुण्यात कॅम्पातल्या कयानी बेकरीपुढे सकाळी रांग लावून आपण जी श्रूझबरी बिस्किटं नेतो, त्यांचं नाव या गावावरून आलंय. इथली जुनी कृती गुलाबपाणी आणि मसाल्यांच्या वासाची. गंमत अशी की गावात विचारत फिरलात तर कुणी फारसा उत्साह दाखवत नाही. श्रूझबरीचा अभिमान पुण्याने जास्त जपलाय असं म्हणायला हरकत नाही.

पुढे चौकात, "द स्क्वेअर"मध्ये, एक पुतळा लागेल. रॉबर्ट क्लाइव्ह. जन्म १७२५, याच काउंटीत मार्केट ड्रेटनजवळ. पुढे तो श्रूझबरीचा खासदार आणि महापौरही झाला. प्लासी सगळ्यांना ठाऊक असते, पण मराठी माणसाला त्याआधीचं एक वर्ष आठवायला हवं: १७५६. फेब्रुवारी महिन्यात इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं सैन्य विजयदुर्गावर आलं, पेशव्यांशी संगनमत करून. तुळाजी आंग्र्यांची जहाजं जळाली, किल्ला पडला. घरच्या भांडणात आपणच आपलं आरमार बुडवलं. पुतळा हटवावा म्हणून २०२० मध्ये अर्ज झाले, पण कौन्सिलने तो ठेवायचं ठरवलं. मी पाहिला तेव्हा त्याच्या डोक्यावर कबूतर होतं. फोटो काढला नाही.

चार्ल्स डार्विनही इथलाच, जन्म १८०९. ज्या शाळेत तो शिकला तिथे आता वाचनालय आहे, बाहेर त्याचा बसलेला पुतळा. आणि वेळ असेल तर गावाबाहेर डिदरिंग्टनची जुनी सूतगिरणी बघा, "फ्लॅक्समिल". तिथे अंबाडीसारख्या फ्लॅक्सच्या धाग्याचं सूत निघायचं. १७९७ ची ही इमारत म्हणजे लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली जगातली पहिली. बाहेरून साधी विटांची वाटते, पण आजच्या गगनचुंबी इमारतींचं मूळ इथे आहे. स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं.

दुसरा दिवस: आगगाडीने दक्षिणेला

सकाळी लवकर निघा आणि सगळ्यात लांबच्या स्टेशनाला, लडलोला आधी जा. परतताना मधली गावं घ्या. म्हणजे दिवस कलला तरी तुम्ही मुक्कामाच्या जवळ येत असता. गाड्या साधारण तासाला एक, तेव्हा फोनमध्ये तिन्ही स्टेशनांच्या परतीच्या वेळा टिपून ठेवा. दक्षिणेच्या दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं, म्हणून फक्त अ‍ॅपवर विसंबू नका. वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

लडलोचा किल्ला ११ व्या शतकाच्या अखेरीपासूनचा. वेल्सचा कारभार पाहणारी परिषद इथे भरायची, आणि राजा सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर १५०२ मध्ये इथेच वारला. त्याच्या माघारी धाकटा भाऊ आठवा हेन्री झाला आणि पुढचा इंग्लंडचा इतिहास बदलला. १८११ मध्ये हा किल्ला क्लाइव्हच्या मुलाने विकत घेतला. मालकी आजही त्याच घराण्याच्या जहागिरीकडे आहे. किल्ल्याच्या दारातच बाजार भरतो: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. या चारपैकी एक दिवस गाठा.

परतताना क्रेव्हन आर्म्सला उतरा. गाव यथातथाच, पण स्टेशनपासून मैलभर चालत गेलं की स्टोकसे कॅसल. लॉरेन्स नावाच्या लडलोच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १३ व्या शतकाच्या शेवटी बांधलेली ही तटबंदीची हवेली. १२९१ मध्ये राजाने त्याला तटबंदीची परवानगी दिली. राजाचा नाही, सरदाराचा नाही, एका व्यापाऱ्याचा वाडा. दिवाणखान्यातलं लाकडी छत, खिडक्यांतल्या दगडी बैठका, आणि वर चढत जाणारा मूळचा लाकडी जिना. लडलोचा किल्ला मोठा आहे, पण मनात राहतो तो स्टोकसे. इथे दीड तास तरी द्या.

पाय दुखत नसतील तर त्याच संध्याकाळी चर्च स्ट्रेटन, नाहीतर त्यासाठी वेगळा दिवस. मी तरी वेगळाच काढीन.

डोंगरात जाताना

चर्च स्ट्रेटनला उतरलं की डोंगर समोरच असतो. मैलभरावर कार्डिंग मिल व्हॅली, तिथून ओढ्याच्या कडेने वर लाँग मिंडचं पठार. सर्वांत उंच टोक पोल बँक, ५१६ मीटर. सह्याद्री चढलेल्यांना आकडा किरकोळ वाटेल, पण वरचा वारा आणि धुकं किरकोळ नाही. जूनमध्येही वाऱ्याचं जाकीट घ्या. चप्पल-सँडल नको, चिखल भरपूर.

आपल्याला सगळ्यात अवघड जाते ती वेगळीच गोष्ट: दुसऱ्याच्या शेतातून बिनधास्त चालणं. पिवळ्या बाणाची खूण असलेली वाट म्हणजे "पब्लिक फुटपाथ". ती शेतातून, गोठ्यामागून, कधी थेट अंगणातून जाते आणि तिच्यावरून जायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. पहिल्यांदा मी फाटकाशी पाच मिनिटं घुटमळत उभा होतो. शेवटी शेतकरीणच बाहेर आली आणि हाताने "या, या" करून गेली. निळा बाण असेल तर ती वाट घोड्यांना आणि सायकलींनाही खुली. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं, उघडं तर उघडं, लावलेलं तर लावून. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा २१७ नंबरचा "एक्स्प्लोरर" नकाशा या डोंगरांचा आहे. कागदीच घ्या. अडचण आली तर ९९९ वर फोन करा.

आयर्नब्रिज: इथे रूळ नाहीत

१७७९ मध्ये उभा राहिलेला जगातला पहिला मोठा लोखंडी पूल सेव्हर्नवर आहे. तो पाहायला टेलफर्ड सेंट्रल स्टेशनवरून किंवा श्रूझबरीहून बस. बसच्या वेळा आणि मार्ग बदलत राहतात, म्हणून श्रॉपशर किंवा टेलफर्ड कौन्सिलच्या संकेतस्थळावर ताजं वेळापत्रक पाहा. २०२५ पासून इंग्लंडच्या बहुतेक बसना एकेरी भाडं जास्तीत जास्त ३ पाउंड असं ठरलंय. ही सवलत मुदतीची असते, तेव्हा निघण्याआधी खात्री करा. पैसे कार्डाने देता येतात. बस थांब्यावर आपोआप थांबेल असं समजू नका, हात करा. उतरताना ड्रायव्हरला "थँक यू" म्हणायची इथे रीत आहे.

पुलावर जायला तिकीट नाही. जवळून सांधे बघा. तोवर एवढं मोठं लोखंडी काम कुणी केलंच नव्हतं, म्हणून कारागिरांनी सुतारकामाचे सांधे लोखंडात उतरवले: खाचा, खुंट्या, पाचरी. कमानीच्या माथ्याशी मात्र बोल्ट आहेत. हे जमलं, कारण याच दरीत कोलब्रुकडेलला पहिल्या अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळसा भाजून केलेल्या कोकवर लोखंड वितळवलं होतं. पूल त्याच्या नातवाने ओतला. टोलनाक्यावर जुन्या दरांचा फलक अजून आहे: सैनिक असो वा राजघराणं, टोल सर्वांना. आपल्याकडच्या टोलनाक्यांवर माफीवाल्यांची जी लांबलचक यादी असते, तिच्यापुढे हे वाचून बरं वाटलं.

ब्लिस्ट्स हिल हे व्हिक्टोरियन काळातलं वसवलेलं गाव पूलापासून लांब आणि चढावर आहे. लहान मुलं असतील तर आधी तेच करा. बँकेत आजचे पैसे देऊन जुनी नाणी घ्यायची आणि ती दुकानात खर्चायची. पोरं तिथून हलत नाहीत.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर

भारतीय लायसन्सवर इथे बारा महिन्यांपर्यंत चालवता येतं, आणि वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने. भाड्याने देणाऱ्या कंपनीची आणखी काही अट आहे का ते बुकिंगआधी विचारा, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट मागा. वेग मैलांत. पांढऱ्या गोलावर काळी तिरपी रेघ म्हणजे दुपदरी साध्या रस्त्यावर ताशी ६० मैल. पण ही कमाल मर्यादा आहे. दोन्ही बाजूंना माणूसभर उंच कुंपणं असलेल्या, एकच गाडी मावेल अशा वाटेवर कुणी ६० ने जात नाही. समोरून ट्रॅक्टर आला तर ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे घ्यायचं, मग दोघांनी हात हलवायचा. हॉर्न वाजवणं इथे शिवीसारखं समजतात. चर्च स्ट्रेटनहून लाँग मिंडवर जाणारी "बर्वे" नावाची वाट अरुंद आहे आणि एका बाजूला सरळ उतार. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर ती चालतच जा.

खाणं

पबमध्ये टेबलाशी वेटरची वाट पाहत बसू नका. बारपाशी जाऊन सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. दुपारचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं, संध्याकाळचं नऊच्या आसपास, आणि सोमवारी-मंगळवारी खेड्यात बऱ्याचदा चूल पेटतच नाही. शाकाहारी मंडळींना भाजलेला अख्खा बटाटा, चीज आणि कांद्याची "पाय" (मैद्याच्या पारीत भाजलेलं सारण), सूप-पाव मिळतं. "फिजेट पाय" हा इथला खास पदार्थ सफरचंद-कांद्याचा असतो असं ऐकून मागवू नका, त्यात डुकराचं मांस असतं. आणि "श्रॉपशर ब्लू" चीज चवीला सुरेख, पण जन्माने स्कॉटलंडचं! डबा सोबत ठेवा. धपाटे आणि लोणचं घेऊन स्टोकसेच्या हिरवळीवर बसण्यात काही कमीपणा नाही.

एक दिवस हाताशी उरला तर

वेल्समध्ये वेल्शपूलला पॉविस कॅसल आहे, श्रूझबरीहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत आणि वर थोडी पायपीट. क्लाइव्ह बाप-लेकांनी हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तिथे मांडल्यात, टिपूचा तंबूही. विजयदुर्ग पाहिलेल्याने तो बघावा आणि काय वाटायचं ते वाटू द्यावं.

नाहीतर क्रेव्हन आर्म्सहून स्वान्सीला जाणारी "हार्ट ऑफ वेल्स" गाडी धरा. दिवसाला मोजक्याच फेऱ्या. वाटेतलं नायटन स्टेशन इंग्लंडमध्ये आणि त्याचं गाव वेल्समध्ये. त्याआधी ब्रूम, हॉप्टन हीथ अशी इवलाली स्टेशनं लागतात, तिथे गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगून ठेवायचं. चढायचं असेल तर फलाटाच्या कडेपासून जरा मागे, पण ड्रायव्हरला लांबून दिसेल असं उभं राहायचं, आणि एसटीला करतो तसा हात करायचा. लवकर करा, अवघडून अर्धाच करू नका. पुढची गाडी यायला चार-चार तास लागतात.